अडगळीतील ठेवा

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांनी पात्र सोडले, तेव्हा सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव या तिन्ही जिल्ह्यांतील नदीकाठची शेती कित्येक दिवस पाण्याखाली राहिली. घरात शिरलेले पाणी सर्वांच्या डोळ्यांपुढे येते. त्याची छायाचित्रे निघतात, मदतीची पथके धावतात. शेतात उभे असलेले पाणी मात्र मुकाट्याने आपले काम करीत असते. पूर ओसरल्यावर शेतकरी बांधावर येऊन उभा राहतो, तेव्हा चिखलात लोळलेली, कुजून दुर्गंधी सुटलेली रोपे त्याच्या दृष्टीस पडतात. भात हे पाण्यातले पीक, त्याला पाण्याचे काय भय, असे शहरवासीयांस वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. भाताच्या मुळांना पाणी चालते. कारण शेंडा पाण्यावर असेल तोवर पानांतून शिरलेली हवा देठातील पोकळ्यांतून मुळांपर्यंत पोचत असते. शेंडाच बुडाला म्हणजे हा मार्ग बंद होतो, आणि मग बहुतेक जातींची रोपे आठवड्याभराहून फारशी अधिक तग धरीत नाहीत.

दक्षिण व आग्नेय आशियात अशा पुराच्या छायेत असलेली भातजमीन सुमारे दोन कोटी हेक्टर भरते. भारत आणि बांगलादेश या दोन देशांत मिळून दरवर्षी सुमारे चाळीस लाख टन भात पुरामुळे हातचा जातो, आणि तेवढ्या धान्यावर तीन कोटी माणसांचे पोट भरले असते, असा अंदाज या क्षेत्रातील जाणकार देत आले आहेत. या संकटावर गेल्या वीस वर्षांत जो तोडगा निघाला, त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. ती एखाद्या चकचकीत प्रयोगशाळेत सुरू झालेली नाही. तिचा आरंभ ओरिसातील एका गावठी भातापाशी होतो.

हा भात उंच वाढणारा, उत्पन्नाला कमी आणि दाण्याच्या प्रतीच्या दृष्टीने अगदी सामान्य. बाजारात त्याला कोणी विचारले नसते. परंतु पूर आला की आजूबाजूचे सारे भात मरावे आणि याने मात्र पुन्हा मान वर काढावी, हा त्याचा गुण तेथील कुळवाड्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होता. गेल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शेतकी खात्यातील कोणा निरीक्षकांनी त्यातून एक शुद्ध वाण निवडून काढले आणि त्याला 'एफआर १३ ए' असे रुक्ष नाव दिले. पहिली दोन अक्षरे 'पूर सोसणारे' एवढेच सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांची. पुढे हे वाण बियाण्यांच्या संग्रहांतून एका नोंदीच्या रूपाने राहिले. १९६० साली फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली, आणि १९७० नंतरच्या दशकात तेथील संशोधकांनी संग्रहातील असंख्य वाणे पाण्याच्या टाक्यांत बुडवून पाहण्यास प्रारंभ केला. त्या कसोटीत हे ओरिसाचे वाण फार वरच्या क्रमांकाने उतरले.

गुण सापडला, परंतु तो उचलून दुसऱ्या जातीत नेणे सोपे नव्हते. संकर केला की पूर सोसण्याच्या गुणाबरोबर उंच काडी, थोडे दाणे आणि हलकी प्रत हे सारे अवगुणही सुनेबरोबर माहेरची माणसे यावीत तसे मागोमाग येत. काही संकरित वाणे चांगली उतरली, पण शेतकऱ्यांनी ती उचलली नाहीत. आपल्या जमिनीला, आपल्या चुलीला आणि आपल्या व्यापाऱ्याला जो भात मानवतो तो सोडून परका भात केवळ पुराच्या भीतीने कोण पेरील? पूर काही दरवर्षी येत नाही. शेतकऱ्याच्या या नकाराला अडाणीपणा म्हणण्याची खोड तज्ज्ञांना फार दिवस होती. त्या नकारात पुरेपूर व्यवहार होता, हे मान्य झाल्यावरच पुढची वाट सापडली.

तोपर्यंत वनस्पतींच्या अनुवंशाचे शास्त्र बरेच पुढे गेले होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत डेव्हिड मॅकिल आणि केनाँग शू यांनी १९९६ साली असे दाखवून दिले की, भाताच्या बारा गुणसूत्र-जोड्यांपैकी नवव्या जोडीवरील एका लहानशा भागात या गुणाचे बहुतेक रहस्य दडलेले आहे. त्या भागाला त्यांनी 'सब-१' हे नाव दिले. आणखी दहा वर्षांनी, २००६ साली, पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस आणि त्यांचे सहकारी यांच्या साह्याने त्या भागातील नेमके जनुक हाती आले आणि त्याचा वृत्तान्त 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या जनुकाचे कार्य कसे चालते, हे पाहण्यासारखे आहे.

पाण्याखाली गेलेल्या रोपात इथिलीन नावाचा वायू साचू लागतो. हा वायू महाराष्ट्रातील व गोव्यातील घरांना अपरिचित नाही, नाव मात्र अपरिचित असेल. आंब्याची अढी घातली म्हणजे गवताच्या उबेत जो वायू कोंडून फळ पिकवतो, तोच हा. उघड्या हवेत रोपातून तो सहज निसटून जातो. पाण्यात त्याचा प्रसार हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी मंदावतो आणि तो पेशींतच कोंडला जातो. हा कोंडलेला वायू हीच रोपाला मिळालेली धोक्याची सूचना होय. सामान्य भाताचे रोप ही सूचना मिळताच घाबऱ्या माणसाप्रमाणे वर धाव घेते. कांडी लांबवून शेंडा पाण्याबाहेर काढण्यासाठी ते आपला साखरेचा साठा भराभर खर्च करून टाकते. पाणी उथळ असेल तर ही धाव यशस्वी होते. बांगलादेश आणि थायलंड येथील खोल पाण्यातील भात तर एका दिवसात वीस-पंचवीस सेंटीमीटरपर्यंत वाढून कित्येक मीटर पाण्यावर डोके काढतात. त्या करामतीमागील जनुके जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली शोधून काढली. परंतु अचानक आलेल्या खोल पुरात सामान्य रोपाला एवढा पल्ला गाठता येत नाही. पाणी ओसरते तेव्हा ते लांबलेले, किडकिडीत झालेले, शिदोरी संपलेले रोप चिखलावर आडवे होते आणि मरते.

ओरिसाच्या वाणातील जनुक नेमके उलट करते. इथिलीनची सूचना मिळाली की ते वाढीच्या संप्रेरकांना आवर घालते. रोप धावत नाही, धडपडत नाही. जणू श्वास रोखून स्वस्थ बसते आणि साखरेचा साठा राखून ठेवते. दोन आठवड्यांनी पाणी उतरले म्हणजे त्याच राखून ठेवलेल्या साठ्यावर त्याला नवी पाने फुटतात. अशा वेळी शेताचे रूप फसवे असते. जुनी पाने तपकिरी पडून कुजलेली असतात आणि पाहणाऱ्याला सारे पीक गेले असेच वाटते. ज्यांनी हे वाण प्रथम लावून पाहिले, त्यांना शेत घाईने नांगरून न टाकता काही दिवस वाट पाहण्याचा धीर धरावा लागला.

आता प्रश्न होता तो हे जनुक शेतकऱ्याच्या मनातल्या भातात नेण्याचा. त्यासाठी 'स्वर्णा' हे वाण निवडण्यात आले. आंध्र प्रदेशातील मारुतेरू येथील संशोधन केंद्रात निपजलेले हे वाण पूर्व भारतात लक्षावधी हेक्टरांवर पेरले जात होते. स्वर्णाचा संकर पूर सोसणाऱ्या वाणाशी करावयाचा, निपजलेल्या संततीचा पुन्हा स्वर्णाशीच संकर करावयाचा, आणि प्रत्येक पिढीत रोपांची जनुकीय तपासणी करून 'सब-१' तेवढे असलेली व बाकी सर्व बाबतींत स्वर्णासारखी असलेली रोपे निवडावयाची, अशी ही रीत होती. पूर्वी हेच काम डोळ्यांच्या अंदाजाने करावे लागे आणि त्यात अनेक वर्षे जात. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. या भातात बाहेरचे जनुक यंत्राने घुसविलेले नाही. तो साध्या परागीकरणाने झालेला भाताचा भाताशीच संकर आहे. तपासणी तेवढी नवी. 'स्वर्णा सब-१' या नावाने हे वाण २००९ साली भारतात लागवडीस खुले झाले. न आलेल्या पुराच्या वर्षी ते स्वर्णाइतकेच पिकते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने हीच त्याची सर्वांत मोठी शिफारस ठरली.

या वाणाचा परिणाम नुसत्या उत्पन्नापुरता मोजून थांबले नाहीत, ही या संशोधनातील विशेष समाधानाची बाजू आहे. ओरिसातील १२८ गावांत बियाण्याचे वाटप करून केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. शेत दहा दिवस पाण्याखाली राहिले असता नव्या वाणाने जुन्यापेक्षा ४५ टक्के अधिक उत्पन्न दिले. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट उघडकीस आली. ज्या सखल जमिनी वारंवार बुडतात, त्या अधिक प्रमाणात अनुसूचित जातींतील कुटुंबांकडे आहेत. उंचावरची चांगली जमीन कोणाला आणि पाण्याच्या तोंडची कोणाला, याची वाटणी समाजाने फार पूर्वीच करून ठेवलेली होती. त्यामुळे पूर सोसणाऱ्या भाताचा लाभ आपोआप त्यांच्याच पदरी अधिक पडला. शेतीच्या सुधारणेचा पहिला फायदा सधनांना मिळावा, हा नेहमीचा अनुभव येथे एकदा तरी उलटा झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात असेही दिसून आले की, पुराची धास्ती कमी झाल्यावर हे शेतकरी खत अधिक घालू लागले, लावणी अधिक काळजीने करू लागले आणि कर्ज घेण्यासही कचरेनासे झाले. पूर न आलेल्या वर्षीही त्यांचे उत्पन्न वाढले. पीक बुडेल या भयाने माणूस हात आखडून शेती करतो, आणि हे आखडणेही दारिद्र्याचे एक कारण असते.

तथापि हे वाण म्हणजे सर्व पुरांवरील रामबाण उपाय नव्हे. पाणी दोन आठवड्यांहून फार अधिक राहिले, ते गढूळ व उष्ण असले, किंवा गुडघाभर पाणी महिनाभर हटलेच नाही, तर या भाताचेही काही चालत नाही. नुकत्याच पेरलेल्या बियाला बुडीत जमिनीत उगवण्याची शक्ती देणारी जनुके वेगळी आहेत आणि त्यांवर स्वतंत्रपणे काम चालू आहे. कृष्णाकाठच्या उसाला तर या साऱ्याचा काहीच उपयोग नाही.

भाताच्या बाबतीत उत्तर भातापाशीच मिळाले. माणसाच्या एका रोगाच्या बाबतीत मात्र ते कोणाच्या स्वप्नातही येणार नाही अशा ठिकाणी सापडले. हा रोग म्हणजे मधुमेह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत, आणि राज्यवार प्रमाणात गोव्याचा क्रमांक पहिला, म्हणजे प्रौढांत २६.४ टक्के, लागला. चार प्रौढ माणसांत एकाहून अधिक, असे हे प्रमाण पडते. गोव्यातील क्वचितच एखादे घर या रोगापासून मुक्त असेल.

अन्न पोटात गेले म्हणजे आतड्यातून एक संप्रेरक रक्तात उतरते आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याची सूचना देते. त्याला 'जीएलपी-१' असे म्हणतात. १९८० नंतरच्या दशकात त्याची ओळख पटली, तेव्हा मधुमेहावर काम करणाऱ्यांना मोठी आशा वाटली. रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिनला चालना देते; साखर उतरली की स्वस्थ राहते. इन्सुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णाला साखर एकाएकी उतरून घेरी येण्याचे जे भय असते, ते येथे बरेच कमी. परंतु निसर्गाने या संप्रेरकाला आयुष्य दिले आहे अवघ्या एक-दोन मिनिटांचे. रक्तातील एक विकर त्याचे लगेच तुकडे करून टाकते. दोन मिनिटांत नष्ट होणारे औषध रुग्णाला द्यावे तरी कसे?

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या वाळवंटी प्रदेशात एक जाडजूड, काळ्या-नारिंगी ठिपक्यांचा, मंद चालीचा विषारी सरडा राहतो. अॅरिझोनातील गिला नदीवरून त्याला हिला मॉन्स्टर म्हणतात. आपल्याकडील घोरपडीपेक्षा तो बराच लहान. वर्षातून मोजकीच जेवणे घेऊन, शेपटीत साठविलेल्या चरबीवर बाकीचा काळ काढणारा हा प्राणी. लोकांनी त्याच्याविषयी भयकथा तेवढ्या रचल्या, उपयोग कोणी कल्पिला नाही. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात निवृत्त सैनिकांसाठी चालविलेले एक सरकारी रुग्णालय आहे. रोझलिन यॅलो यांना १९७७ साली ज्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच रुग्णालयात झालेले. तेथे जॉन एंग नावाचे वैद्य संप्रेरकांच्या शोधात होते. काही प्राण्यांच्या विषाने स्वादुपिंडाला सूज येते, हे निरीक्षण पूर्वीच झालेले होते. तेव्हा विषात स्वादुपिंडाला उत्तेजित करणारे काहीतरी असले पाहिजे, हा साधा तर्क. तो धरून एंग यांनी या सरड्याचे विष तपासले आणि १९९२ साली त्यातील एका नव्या द्रव्याचे वर्णन प्रसिद्ध केले. 'एक्झेंडिन-४' हे त्याचे नाव. त्याची घडण मानवी संप्रेरकाशी निम्म्याहून थोडी अधिक जुळते. रक्तातील विकराला मात्र त्याचे तुकडे सहजी करता येत नाहीत. मिनिटांऐवजी ते काही तास टिकते.

यापुढील भाग शास्त्राचा कमी आणि चिकाटीचा अधिक आहे. ज्या सरकारी खात्यात एंग काम करीत होते, त्याने या शोधाचे स्वामित्व नोंदविण्यात रस दाखविला नाही. निवृत्त सैनिकांच्या आजारांशी त्याचा खास संबंध नाही, असे खात्याचे मत पडले. तेव्हा एंग यांनी पदरच्या पैशाने नोंदणी केली आणि औषधी कंपन्यांची दारे ठोठावली. विषारी सरड्याच्या लाळेतून मधुमेहाचे औषध, ही कल्पना ऐकून बहुतेकांनी हात झटकले असल्यास नवल नाही. अखेर एका लहान कंपनीने ती स्वीकारली, द्रव्य प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार करण्यात आले, आणि २००५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत 'एक्झेनाटाइड' या नावाने त्याला मान्यता मिळाली. औषधासाठी एकाही सरड्याला पकडावे लागत नाही, हे सांगितलेले बरे.

आज वर्तमानपत्रांतून वजन उतरविणाऱ्या इंजेक्शनांचा जो गवगवा चालू आहे, त्यांचे मूळ या सरड्यात असल्याचे सरसकट छापले जाते. ते अर्धसत्य आहे. सेमाग्लूटाइड हे त्यांतील प्रसिद्ध औषध सरड्याच्या द्रव्यापासून बनलेले नसून मानवी संप्रेरकातच फेरफार करून, त्याला रक्तात सुमारे आठवडाभर टिकेल असे बनविलेले आहे. मधुमेहासाठी ते २०१७ साली आणि वजनासाठी २०२१ साली अमेरिकेत मान्य झाले. या मानवी संप्रेरकावरील कामाबद्दल जोएल हॅबनर, स्वेतलाना मोयसोव आणि लोट्टे बियेर्रे क्नुडसेन यांना २०२४ चे लास्कर पारितोषिक देण्यात आले. सरड्याचे श्रेय निराळे आहे. असे औषध माणसाला उपयोगी पडते, हे रुग्णांच्या शरीरात प्रथम सिद्ध झाले ते त्याच्या द्रव्याने. या औषधांनी मळमळ, ओकारी असे त्रास होतात. चरबीबरोबर स्नायूही झिजतात. औषध थांबविले की उतरलेले वजन बहुधा परत येते. वैद्याच्या देखरेखीवाचून, शेजाऱ्याने घेतले म्हणून आपणही घ्यावे, असे हे औषध नव्हे.

यंत्रविद्येतील लोकही आता अशाच दृष्टीने सृष्टीकडे पाहू लागले आहेत. जपानमधील सान्यो शिंकान्सेन हा जलद रेल्वेमार्ग जवळजवळ निम्मा बोगद्यांतून जातो. अतिवेगाने गाडी बोगद्यात शिरली की समोरची हवा दट्ट्याने दाबावी तशी दाबली जाते आणि तिची लाट दुसऱ्या तोंडातून तोफेसारखा आवाज करीत बाहेर पडते. बोगद्यापाशी राहणाऱ्यांना हा उपद्रव असह्य होई. त्या मार्गावरील अभियंते एइजी नाकात्सू हे पक्षिनिरीक्षणाचे छांदिष्ट होते. हवेतून पाण्यात, म्हणजे सुमारे आठशेपट दाट माध्यमात, सूर मारताना खंड्या पक्षी जेमतेम पाणी उडवितो, हे त्यांच्या लक्षात होते. निरनिराळ्या आकारांच्या तोंडांची बोगद्याच्या प्रतिकृतीत परीक्षा घेतली असता जो आकार सर्वांत सरस ठरला, तो खंड्याच्या चोचीशी विलक्षण मिळताजुळता निघाला. १९९७ साली १५ मीटर लांब निमुळत्या नाकाची '५०० मालिके'ची गाडी ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागली. तिच्या छतावरील विजेचा दांडा घुबडाच्या पिसांच्या कडा पाहून निःशब्द करण्यात आला होता. बडोद्यावरून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद जलद मार्गावर मुंबईकडे २१ किलोमीटरचा बोगदा असून त्यातील सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. बोगद्यातील हवेचा प्रश्न तेथील अभियंत्यांनाही सोडवावयाचा आहे.

घरातील पालीचे उदाहरण याहूनही जवळचे. ती चुकचुकली की लोकांच्या मनात शंका येते, अंगावर पडली की स्नान घडते. परंतु गुळगुळीत काचेवर ती कशी चालते, ही शंका शास्त्रज्ञांना कित्येक शतके छळीत आली होती. तिच्या पायाला डिंक नाही आणि पोकळी करून चिकटणारी चकतीही नाही. २००० साली केलर ऑटम, रॉबर्ट फुल आणि त्यांचे सहकारी यांनी पालीच्या एका प्रजातीच्या तळपायावरील एका केसाचे बळ मोजले. अशा सूक्ष्म केसांची संख्या एकेका पायावर सुमारे पाच लाख, आणि प्रत्येकाला पुन्हा शेकडो फाटे. हे फाटे पृष्ठभागाच्या इतके निकट जातात की, अणूंमधील अगदी क्षीण आकर्षणाची बेरीज होऊन तिचे सारे शरीर पेलले जाते. त्या रचनेवरून स्फुरलेली, शरीरात विरघळून जाणारी जखमेची पट्टी अमेरिकेतील संशोधकांनी २००८ साली तयार करून दाखविली.

मात्र निसर्गाच्या नावावर खपविले जाणारे सारेच खरे मानू नये. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे १९९६ साली उभी राहिलेली ईस्टगेट ही इमारत वाळवीच्या वारुळाप्रमाणे थंड राहते, असे जगभर सांगितले जाते. इमारत खरोखरच कमी विजेत थंड राहते. वारुळांचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र २००८ साली दाखवून दिले की, वारूळ स्वतः त्या रीतीने चालतच नाही. चुकीच्या समजुतीवरून चांगली इमारत उभी राहिली, एवढाच त्याचा अर्थ. वाळवीला त्याचे सुखदुःख नाही, पण ज्याने अनुकरण करावयाचे त्याने आधी मूळ नीट पाहावे, ही अपेक्षा गैर नव्हे.

मूळ नीट पाहण्याचे काम बहुधा निरुपयोगी दिसते. थॉमस ब्रॉक हे १९६६ साली अमेरिकेतील यलोस्टोनच्या उन्हाळ्यांतून जिवाणू गोळा करीत होते. वज्रेश्वरीला किंवा उन्हवऱ्याला ज्याने कढत कुंडात हात घातला असेल, त्याला त्या पाण्याची कल्पना येईल. ब्रॉक यांना जिवाणू सापडला तो सत्तर अंशांच्या आसपास सुखाने वाढणारा. त्यापासून औषध करावे किंवा यंत्र करावे, असे त्यांच्या मनात नव्हते. एवढ्या उष्णतेत जीव राहतो कसा, एवढेच कुतूहल होते. त्यांनी तो जिवाणू संग्रहालयात ठेवून दिला. पुढे १९८३ साली कॅरी मुलिस यांना डीएनएच्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढण्याची युक्ती सुचली, आणि तिच्यासाठी कढत तापमानातही न बिघडणारे विकर हवे झाले, तेव्हा ते याच जिवाणूत तयार होते. २०२० साली कोरोनाच्या साथीत नाकातील बोळा तपासणारी जी चाचणी घरोघर माहीत झाली, ती याच युक्तीवर चालते.

ओरिसाचा भात आणि यलोस्टोनचा जिवाणू, दोघेही कोणीतरी नोंद करून जपून ठेवले म्हणून वेळेवर सापडले. असाच एक भात गोव्याच्या खाजन जमिनींत आहे. खाडीलगत बांध घालून, मानशींच्या दारांनी भरतीचे पाणी अडवून शतकानुशतके कसलेल्या या शेतांत 'कोरगुट' नावाचा खार सोसणारा भात पिकत आला. त्याचेही उत्पन्न कमी, काडी उंच आणि लोळणारी. जुन्या गोव्याजवळ एला येथील केंद्रीय कृषी संशोधन संस्थेने त्यातून निवड करून 'गोवा धान-१' आणि 'गोवा धान-२' ही वाणे काढली आहेत. ज्या समुद्राची पातळी वाढते आहे, त्याच्या काठच्या साऱ्या भातशेतीला उद्या खार सोसणाऱ्या जनुकांची गरज लागणार आहे. इकडे कित्येक खाजनांचे बांध दुरुस्तीअभावी फुटले असून तेथे तिवरांचे रान माजले आहे. भाताचे बी घरच्या कणगीत फार काळ जिवंत राहत नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत दोन-तीन वर्षांतच त्याची उगवणशक्ती जाते. बांध फुटल्यावर ज्या घराने दोन-तीन पावसाळे पेरणी केली नाही, त्या घरचा कोरगुट मग दुसऱ्याच्या कणगीतून मागून आणावा लागतो.